पहिली दोन मिनिटं आणि शेवटचा ग्लास

माझा मावसभाऊ सहा वर्षं एका छोट्या कॉकटेल बारमध्ये बारटेंडर होता. काउंटरला चौदा स्टुलं, भिंतीलगत चार टेबलं, काउंटरमागे तो आणि एक मदतनीस. त्या बारबद्दल ऑनलाइन आलेल्या अभिप्रायांपैकी एक त्याला अजून शब्दन्‌शब्द आठवतो. एका गृहस्थांनी एकच स्टार देऊन लिहिलं होतं की बारटेंडर उद्धट आहे, पैसे द्यायला तयार असताना त्याने ड्रिंक नाकारलं आणि वर चारचौघांत पाण्याचा ग्लास पुढे केला. यातलं काहीही खोटं नव्हतं. ड्रिंक नाकारलं होतं, पाणीही पुढे केलं होतं. त्याआधीच्या दीड तासात निग्रोनी नावाच्या कडक कॉकटेलचे तीन ग्लास पोटात गेले होते आणि गाडीची किल्ली काउंटरवर मोबाइलशेजारी पडलेली होती, याचा मात्र अभिप्रायात उल्लेख नव्हता.

मालकाने भावाला बोलावून खडसावलं. पुढचे दोन महिने त्याला शनिवार-रविवारची पाळी मिळाली नाही. टिपा मिळतात त्या प्रामुख्याने शनिवार-रविवारी, हे बारमध्ये काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं. तिसऱ्या महिन्यात भावाने नोकरी सोडली.

त्या रात्री त्या चौदा स्टुलांवर जी काही सेवा दिली गेली, तिच्यात सगळ्यांत मोलाचा तो पाण्याचा ग्लास होता, असं माझं ठाम मत आहे. हे मी वाईट सेवेला पाठीशी घालण्यासाठी लिहीत नाही. छोट्या बारमध्ये गिऱ्हाइकाला मिळणारी वागणूक पुष्कळदा खरोखरच वाईट असते. मी ती सोसली आहे आणि त्याबद्दल तोंडावर बोललेही आहे. पण चांगली सेवा आणि वाईट सेवा ओळखायची आपली मोजपट्टीच चुकलेली आहे. मागितलं ते मिळालं का, लवकर मिळालं का, हसून दिलं का, एवढंच आपण मोजतो. छोट्या कॉकटेल बारमध्ये आपण ज्या गोष्टीचे पैसे देतो, तीच नेमकी या मोजमापातून सुटते.

ती गोष्ट कोणती? बाटल्या तर दुकानात मिळतात. कृतीही गुपित नाही. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राला वाचकाने विचारलं होतं, की कॉकटेल म्हणजे काय. संपादकांनी दिलेलं उत्तर आजही चालतं: कुठलंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे वनस्पतींचा कडू अर्क. चार जिन्नस. मोजायचं माप, बर्फ आणि थोडा सराव असला की घरच्या घरी जमतं. तरीही आपण त्या अरुंद जागेत, अवघड स्टुलावर जाऊन बसतो आणि घरच्यापेक्षा कितीतरी पट पैसे मोजतो, ते कुणीतरी आपल्याकडे लक्ष द्यावं म्हणून. कुणीतरी आपला चेहरा वाचावा, दिवस कसा गेला असेल याचा अंदाज घ्यावा आणि त्या अंदाजाने ग्लास समोर ठेवावा.

लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या अमेरिकन बारमध्ये १९०३ पासून वीसहून अधिक वर्षं एडा कोलमन नावाच्या बाई मुख्य बारटेंडर होत्या. चार्ल्स हॉट्री हे त्या काळचे नामवंत नट तिथे यायचे आणि थकलो आहे, जरा तरतरी येईल असं काहीतरी दे, म्हणायचे. कोलमनबाईंनी तासन्‌तास खटपट केली आणि जिन, गोड व्हर्मूथ (मसाल्यांची वाइन) व फर्नेट ब्रांका हे कडू मद्य यांचं मिश्रण जमवलं. हँकी पँकी या नावाने ते आजही जगभरच्या बारमध्ये मिळतं. समोरचा थकला आहे हे तिथल्या एका बाईने मनावर घेतलं, आणि त्यातून शंभर वर्षं टिकलेलं पेय निघालं. कॉकटेल बारची सेवा म्हणतात ती हीच. लवचिक मान, तत्पर 'येस सर' आणि इस्त्रीचं जॅकीट या तिच्यापुढे किरकोळ गोष्टी आहेत.

आता वाईट अनुभवांकडे वळते. मला आलेला सगळ्यांत वाईट अनुभव कुठल्याही उद्धट शब्दाचा नव्हता. बार अर्धा रिकामा होता. मी काउंटरच्या टोकाच्या स्टुलावर बसले, पर्स मांडीवर घेतली आणि वाट पाहिली. बारटेंडर माझ्यापासून दीड हातावर संत्र्याची साल सोलत होता. एकसारख्या पट्ट्या काढून तो त्या ओल्या फडक्यावर ओळीने मांडत होता. हात सुरेख चालत होता त्याचा. माझ्या पलीकडचे दोघे आले, त्यांना मेनू मिळाला, त्यांचं ड्रिंक आलं. बाराव्या मिनिटाला मी उठले तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिलं आणि विचारलं, "कुणाची वाट बघताय का?" त्या क्षणी मला सगळं कळलं. एकटी बाई म्हणजे कुणाची तरी वाट बघणारी बाई, असं त्याने गृहीत धरलं होतं. माझी ऑर्डर घ्यायची, ती माझ्यासोबतचा कुणी आला की, असा त्याचा हिशोब होता.

याच्या उलट एक संध्याकाळ सांगते. बार तुडुंब, दारापाशी माणसं उभी. बारटेंडरच्या दोन्ही हातांत शेकर, समोर सात ग्लास मांडलेले. आम्ही दोघी शिरलो तशी तिने शेकर न थांबवता आमच्याकडे पाहिलं, हनुवटीने मोकळी स्टुलं दाखवली आणि म्हणाली, "बसा. मला दहा मिनिटं लागतील, तोवर पाणी घ्या." मदतनिसाने पाणी ठेवलं. दहाची चौदा मिनिटं झाली. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. पहिल्या बारमध्ये मी बारा मिनिटं बसले होते, इथे चौदा मिनिटं बसले. घड्याळावर मोजायचं तर पहिला बार सरस ठरतो.

म्हणून मी म्हणते, की पहिल्या दोन मिनिटांत काय होतं त्यावर पुढची सगळी संध्याकाळ ठरते. उशीर का होतो हे ज्याने काउंटरवरून पाहिलं आहे त्याला समजतं. मार्टिनी किंवा मॅनहॅटनसारखं ढवळायचं ड्रिंक बर्फावर अर्धा मिनिटभर तरी फिरवावं लागतं. डायक्विरीसारखं लिंबाचं ड्रिंक दहा-पंधरा सेकंद जोराने हलवायचं. त्याआधी मोजणं, नंतर गाळणं, साल पिळणं, ग्लास थंड करणं. एका टेबलाने पाच निरनिराळी ड्रिंक मागवली, तर ती पाचही एकाच वेळी टेबलावर पोचावीत म्हणून बारटेंडर डोक्यात क्रम लावतो. जे टिकतं ते आधी, ज्याचा फेस बसतो किंवा गारवा उतरतो ते अगदी शेवटी. भाऊ म्हणायचा, "ताई, त्या वेळी मी कुणाशी बोललो ना, तर एखाद्या ग्लासात लिंबू दोनदा पडतं." हात थांबवता येत नाहीत हे मला मान्य. नजर मात्र वर उचलता येते. त्याला एक सेकंद पुरतो.

न्यू ऑर्लिन्समध्ये हेन्री रामोस यांनी १८८८ च्या सुमारास जिन, लिंबू, साय आणि अंड्याचा पांढरा भाग यांचं एक ड्रिंक लोकप्रिय केलं. ते इतका वेळ हलवावं लागे की एका माणसाचे हात भरून येत. म्हणून रामोस यांनी काउंटरमागे शेकर हलवणाऱ्या पोरांची अख्खी रांग उभी केली होती, एकाने दमल्यावर पुढच्याच्या हाती द्यायचा. लोक या ड्रिंकसाठी खुशाल ताटकळत, कारण आपल्यासाठी काय चाललं आहे ते समोर दिसत होतं. रामोस यांची आणखी एक ख्याती होती. त्यांना दारूडेपणा खपत नसे. बार संध्याकाळी लवकर बंद होई आणि कुणी जास्त प्यायला आहे असं दिसलं तर त्यांची नजर त्याच्यावर असे. रांगेत तिष्ठणाऱ्या गिऱ्हाइकावरची नजर आणि जास्त झालेल्या गिऱ्हाइकावरची नजर एकाच माणसाची होती. मला वाटतं, ती एकच नजर आहे. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा हाच.

ही नजर सगळ्यांवर सारखी पडत नाही. सेवेबद्दलच्या चर्चेत हा भाग नेहमी राहून जातो, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत गंभीर आहे. मी ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचं कॉकटेल मागवते, सोबतचा मित्र बिनदारूचं काहीतरी मागवतो. ड्रिंक येतात तेव्हा व्हिस्की त्याच्यापुढे आणि फुलाने सजवलेला उंच ग्लास माझ्यापुढे. किती वेळा झालं असेल याची मोजदाद मी सोडून दिली आहे. ग्लासांची अदलाबदल करायला दोन सेकंद लागतात, तक्रार करण्याजोगं त्यात काही नाही असं लोक म्हणतात. पण ऑर्डर आम्ही दोघांनी बारटेंडरसमोर बसून दिली होती. त्याने ती कानांनी ऐकली आणि हातांनी मात्र स्वतःच्या समजुतीप्रमाणे पोचवली. बिल कुणापुढे ठेवायचं, चव बघायला थेंबभर कुणाला द्यायचं, कुणाला 'हे जरा कडक आहे हं' असं न विचारता सांगायचं, या सगळ्यांत तीच समजूत काम करते. व्हीलचेअरवरून आलेल्या माणसाची तर उंच काउंटरमुळे सुरुवातच नजरेआड होते. काउंटरचा एक तुकडा खाली उतरवला असता तर तोही बारटेंडरशी गप्पा मारत बसला असता. त्याऐवजी त्याला कोपऱ्यातल्या टेबलाकडे नेलं जातं आणि गैरसोय त्याची नाही, बारची झाल्यासारखे चेहरे होतात.

दारू न पिणाऱ्याचे हाल वेगळेच. माझ्या एका मैत्रिणीने दारू कायमची सोडली आहे. का सोडली हे तिचं ती जाणे. मित्रमंडळींत बसायला तिला आवडतं, म्हणून ती बारमध्ये येते. पुष्कळ ठिकाणी "काहीच घेणार नाही?" हा प्रश्न तिला तीन वेळा ऐकावा लागतो आणि मग डब्यातला गोड रस बर्फ घालून समोर येतो, किंमत कॉकटेलच्या जवळपास. एका बारटेंडरने मात्र तिला हळूच विचारलं, "आज नको आहे, की अजिबात चालत नाही? कारण आमच्या बिटर्समध्येही अल्कोहोल असतं." अंगोस्टुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असतं, साध्या व्हिस्कीपेक्षाही थोडं जास्त. दोन थेंबांनी कुणाला चढत नाही हे खरं. पण दारू सोडलेल्या माणसाला ती चव, तो वास जिभेवर नको असू शकतो, आणि न सांगता घालणं ही फसवणूक आहे. त्याने बिटर्स न वापरता काळा चहा, लिंबू आणि साखरेच्या पाकातून ड्रिंक बनवलं, आमच्यासारख्याच जड ग्लासात, तसाच एक मोठा बर्फाचा तुकडा घालून. मैत्रीण त्या रात्री शेवटपर्यंत बसली. एरवी ती पाऊण तासात निघते.

नियमांबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण छोट्या बारबद्दलच्या पुष्कळ तक्रारी नियमांच्या असतात. दीड तासात जागा सोडा, उभं राहू नका, सहापेक्षा जास्त जण नकोत, मोठ्याने बोलू नका. या पद्धतीचं मूळ बऱ्याच अंशी एका बारमध्ये सापडतं. १९९९ च्या अखेरीस साशा पेट्रास्की यांनी मॅनहॅटनमध्ये मिल्क अँड हनी नावाचा अगदी छोटा बार उघडला. दारावर पाटी नव्हती, आधी ठरवल्याशिवाय प्रवेश नव्हता आणि आत नियमांची यादी लावलेली होती. त्यातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. पुरुषांनी अनोळखी बाईशी आपण होऊन ओळख काढायला जायचं नाही, तिला वाटलं तर ती बोलेल. म्हणजे तो नियम गिऱ्हाइकावर रुबाब करण्यासाठी नव्हता. एकट्या आलेल्या बाईला निवांत बसता यावं म्हणून होता. जागा मोजकी ठेवण्यामागेही हेच, की जेवढ्यांकडे नीट बघता येईल तेवढ्यांनाच आत घ्यायचं.

पुढे जगभर या बारच्या नकला निघाल्या. बिनपाटीचं दार आलं, मंद दिवा आला, नियमांची यादी आली. ज्यासाठी ते सगळं होतं ती काळजी वाटेत गळाली. दीड तासाची मर्यादा टेबल राखताना सांगितली तर तो दोघांमधला करार असतो. तीच मर्यादा दुसरं ड्रिंक अर्धं असताना बिलासोबत कळली तर तो अपमान आहे. नियम तोच, शब्दही तेच. सांगायची वेळ चुकली की सगळंच चुकतं. जागा छोटी आहे, चौदा स्टुलांवर भाडं निघत नाही, हे मालकाचं म्हणणं मला पटतं. ते तोंडभर सांगावं, दारात सांगावं, लाज कशाची? लपवून मग घाई करण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आता त्या शेवटच्या ग्लासाकडे येते.

निग्रोनी म्हणजे जिन, कॅम्पारी हे कडसर लाल मद्य आणि गोड व्हर्मूथ, प्रत्येकी ३० मिली. ४० टक्क्यांची जिन धरली तर तिच्यात १२ मिली शुद्ध अल्कोहोल झालं. कॅम्पारी साधारण २५ टक्क्यांची, तिचं साडेसात. व्हर्मूथ १६ टक्क्यांच्या आसपास, तिचं पाचाला थोडं कमी. सगळं मिळून २४ मिली, वजनात १९ ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. म्हणजे दीड तासात तीन निग्रोनी पोटात गेल्या तर ५७ ग्रॅम आत आलं आणि फार तर १५ ग्रॅमचा निचरा झाला. शिवाय प्यायलेलं सगळं लगेच रक्तात उतरत नाही. पातळी शिखराला पोचायला अर्धा ते एक तास, भरल्या पोटी त्याहूनही जास्त लागतो. त्यामुळे चौथं ड्रिंक मागणाऱ्या माणसाला आपण अगदी ठीक आहोत असं मनापासून वाटत असतं. तिसऱ्याचा परिणाम अजून यायचा असतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला ठाऊकच नसतं. ठाऊक असतं ते काउंटरमागच्या माणसाला, ज्याने तिन्ही ग्लास स्वतःच्या हाताने भरले आहेत.

कॉकटेलचा धोका इथे साध्या पेगपेक्षा जास्त आहे. गोडी, आंबटपणा आणि बर्फ मिळून दारूची धार झाकतात, आणि सुंदर ग्लासात किती आहे ते पिणाऱ्याला डोळ्यांनी कळत नाही. मोजमाप बारटेंडरकडे असतं, म्हणून जबाबदारीही त्याच्याकडे जाते. कायदाही अनेक ठिकाणी हेच सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या परवाना कायद्यानुसार नशेत असलेल्या माणसाला जाणूनबुजून दारू विकणं हा गुन्हा आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशा माणसाने पुढे अपघात केला तर विकणाऱ्यालाही भरपाईसाठी जबाबदार धरता येतं. नकार देणं ही बारटेंडरची मर्जी नसून त्याच्या कामाचा भाग आहे. विमानात वैमानिकाने खराब हवेत उड्डाण नाकारलं तर आपण कुरकुरतो, पण त्याच्या नावाने एक स्टार देत नाही.

भावाने त्या रात्री काय केलं ते त्याने मला नीट सांगितलं आहे. चौथ्याची मागणी आली तेव्हा त्याने 'नाही' हा शब्द तोंडातून काढला नाही. पाणी ठेवलं, काउंटर पुसत पुसत त्या गृहस्थांच्या जवळ गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सर, आज इथपर्यंतच. पुढच्या खेपेला पहिलं ड्रिंक माझ्याकडून. गाडी मागवू का?" शेजारच्या स्टुलावरच्यालाही ऐकू गेलं नसतं. आवाज चढवला तो त्या गृहस्थांनी, आणि त्यामुळेच ते चारचौघांत झालं. हे वाक्य भावाला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी एकदा त्याने तोंडावर 'तुम्हाला जास्त झालीय' असं म्हटलं होतं आणि ग्लास अंगावर आला होता. 'जास्त झालीय' हा माणसावरचा शेरा होतो, 'आज इथपर्यंतच' ही फक्त वेळेची गोष्ट राहते. असलं शहाणपण सहा वर्षांत साठतं, आणि ते एका अभिप्रायामुळे बारच्या दाराबाहेर गेलं.

मालकाला मी सगळा दोष देणार नाही. त्यालाही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. हार्वर्डच्या मायकेल लूका यांनी २०११ मध्ये सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास मांडला. येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं त्यांना आढळलं. महत्त्वाचं म्हणजे हा परिणाम स्वतंत्र, एकेकट्या रेस्टॉरंटांवर दिसला. साखळीतल्या नावाजलेल्या ठिकाणांवर दिसला नाही. म्हणजे ज्याच्याकडे मोठं नाव नाही, त्याचं पोट या ताऱ्यांवर चालतं. चौदा स्टुलांच्या बारला एक संतापलेलं गिऱ्हाईक परवडत नाही. मग मालक काय करतो? नकार देणाऱ्याला दटावतो आणि ओतत राहणाऱ्याला शनिवार देतो. पुढचा बारटेंडर हे पाहून शहाणा होतो. आपल्या अभिप्रायांनी आपण बार असे घडवत आहोत, जिथे चौथा, पाचवा, सहावा ग्लास हसून समोर येईल.

टिपेचंही तसंच आहे. अमेरिकेत टिपेवर काम करणाऱ्यांचं किमान रोख वेतन केंद्रीय कायद्याने तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून त्यात वाढ नाही. बाकीची कमाई गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. ज्याच्या घरचं भाडं समोरच्या माणसाच्या खुशीवर अवलंबून आहे त्याने त्या माणसाला नाही म्हणायचं, अशी आपली अपेक्षा. न्यूयॉर्कचे रेस्टॉरंटचालक डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टिप बंद करायला घेतली आणि तो खर्च किमतींत धरला. २०२० मध्ये त्यांना टिप पुन्हा सुरू करावी लागली. एकट्याने पोहायला तो प्रवाह फार जोराचा होता. तरी माझं मत तेच आहे: बारटेंडरचा पगार पुरेसा आणि ठरलेला असल्याशिवाय त्याची नजर मोकळी राहणार नाही. ज्या स्टुलावरून जास्त टिप मिळेल तिकडेच ती वळेल.

गिऱ्हाईक म्हणून आपल्याकडून मला एवढंच हवं आहे, की अभिप्राय लिहिताना पूर्ण लिहा. आत शिरल्यावर कुणी पाहिलं का, किती वेळ लागेल ते सांगितलं का, तुम्ही मागितलं ते तुमच्याच समोर आलं का, न पिणाऱ्याला कसं वागवलं, आणि नकार मिळाला असेल तर तोवर किती झाले होते. एकटी बाई तिथे बसून बिनत्रासाने निघाली का, हेही लिहा. इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये २०१६ मध्ये एक मोहीम सुरू झाली. सोबतच्या माणसाची भीती वाटू लागली तर काउंटरवर जाऊन 'अँजेला'बद्दल विचारायचं, म्हणजे कर्मचारी गाजावाजा न करता बाहेर पडायला मदत करतील. पुढे ती अनेक ठिकाणी पोचली. अशी मोहीम लागते याचाच अर्थ बारटेंडरचं लक्ष हा कुणाच्या तरी सुरक्षिततेचा प्रश्न असतो. स्टारांच्या रकान्यात त्याला जागा नाही, म्हणून तो शब्दांत लिहायला हवा.

मालकांकडून माझी अपेक्षा जास्त आहे. नकारावरून आलेल्या वाईट अभिप्रायाला त्यांनी स्वतःच्या नावाने उत्तर द्यावं: आमच्या बारटेंडरने योग्य केलं, आम्ही त्याच्या पाठीशी आहोत, आपण सुखरूप घरी पोचलात याचा आनंद आहे. तीन वाक्यं. ती वाचून चार गिऱ्हाइकं जातील कदाचित. माझ्यासारखी काही त्याच उत्तरासाठी येतील.

भाऊ आता दुसऱ्या बारमध्ये आहे, त्याहूनही लहान, दहा स्टुलांच्या. पहिल्याच आठवड्यात मालकीणबाईंनी त्याला ग्लास कुठे, बर्फ कुठे, सगळं दाखवलं आणि शेवटी म्हणाल्या, "कुणाला थांबवायचं असेल ना, तेव्हा मला हाक मार. तू बोल, मी नुसती येऊन तुझ्या शेजारी उभी राहीन." तेव्हापासून दोनदा हाक मारावी लागली आहे. दोन्ही वेळा त्या आल्या.